सैल बांगड्या, लठ्ठ शेळी

धाराशिवमध्ये मी तीस वर्षं फिजिओथेरपी केली. हा शब्द नीट उच्चारणारा पेशंट मला भेटला तो निवृत्तीच्या वर्षी, आणि तोही पुण्याहून पाहुणा म्हणून आलेला होता. बाकी सगळ्यांसाठी मी 'व्यायामवाली बाई'. काहींसाठी 'शेकवाली'. जवळच्या तेर गावातल्या एका गल्लीत तर 'चोळणारीण बाई' म्हणूनच माझा पत्ता सांगितला जायचा. सुरुवातीची काही वर्षं मी प्रत्येकाला थांबवून समजावत असे, की मी चोळत नाही, मी त्यासाठी कॉलेजात शिकलेय, परीक्षा दिल्यात. समोरचा माणूस शांतपणे ऐकून घ्यायचा, "व्हय व्हय" म्हणायचा, आणि पाय पुढं करून म्हणायचा, "आता इथं जरा चोळा बरं."

आता माझेच गुडघे गेलेत. बाजारात जुने पेशंट भेटतात आणि माझी चाल पाहून मनापासून विचारतात, "कामून ओ बाई, तुमी सोताचे व्यायाम करत नव्हता का?" मी हसते. तीस वर्षं त्यांना हाच प्रश्न मी रागावून विचारला होता, तेव्हा आता त्यांची पाळी आलीय असं समजून सोडून देते.

माझं बरंचसं काम लकव्याच्या माणसांचं. आमच्याकडं 'लकवा' फारसं कुणी म्हणत नाही, 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. वाऱ्याचा त्यात काही संबंध नसतो. मेंदूला रक्त नेणाऱ्या नळीत रक्ताची गुठळी अडकते, किंवा ती नळी फुटते, आणि मेंदूचा तेवढा भाग बंद पडतो. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं बोबडं झालं की देवरस्की आणि घरगुती औषधं बाजूला ठेवून थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचं असतं, कारण तिथं एकेक मिनिट मोलाचं. ते सगळं झालं की मग आमच्यासारख्यांचं काम सुरू होतं. बसायला शिकवायचं, उभं करायचं, मूठ उघडायला लावायची. साठ वर्षं चाललेल्या माणसाला चालणं नव्यानं शिकवायचं म्हणजे त्याचा राग, रडणं आणि शिव्या असं सगळं ओघानं येतं.

या धंद्यातला एक फायदा मोठ्या डॉक्टरांनाही नाही. ते पेशंटला पाच-दहा मिनिटं बघतात. मी एकेक पाय पाऊण तास हातात धरून बसत असे, आठवड्यातून तीनदा. पाय दुसऱ्याच्या हातात असला की माणूस फार वेळ खोटं बोलू शकत नाही. घरातली भांडणं, जमिनीच्या वाटण्या, कुणाचं कुणाशी लग्न मोडलं, हे सगळं मला नको असताना कळत आलंय. पण एवढं सगळं कळणाऱ्या बाईला जे कळायला हवं होतं ते एकदा कळलं नाही. आधी ते सांगते.

तात्या हे एसटीतले निवृत्त कंडक्टर. त्यांची उजवी बाजू गेली होती, पण थट्टा शाबूत होती. मी व्यायामाचे आकडे मोजायला लागले की म्हणायचे, "वीस शिटा झाल्या बाई, आता डबल बेल मारा." तीन आठवड्यांत काठी घेऊन अंगणात यायला लागले. आणि मग एक दिवस त्यांच्या डाव्या पायाची पोटरी सुजलेली दिसली. डावा म्हणजे चांगला पाय. मी मनाशी हिशोब केला, की सगळा भार या एकाच पायावर येतोय म्हणून सुजला असेल. आणि आयुष्यभर 'मी चोळत नाही' म्हणून भांडणाऱ्या मी त्यांच्या बायकोला सांगितलं, "काकू, कोमट तिळाचं तेल लावून हलक्या हातानं चोळत जा."

सहाव्या दिवशी तात्यांना एकाएकी धाप लागली. पोटरीतल्या शिरेत गुठळी झाली होती, तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला होता. दवाखान्यात कारण शोधताना पोटाचा फोटो निघाला, तेव्हा कळलं की स्वादुपिंडात गाठ आहे आणि ती लकव्याच्याही आधीपासून असणार. दहाव्या दिवशी तात्या गेले. मला सगळं समजावून सांगणारे आमचे फिजिशियन डॉक्टर अगदी कमी बोलणारे. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, गाठ तुमच्या हातात नव्हती. सूज मात्र होती."

त्यांनीच मला ते सोपं करून सांगितलं. काही गाठी अंगात गप्प बसून वाढतात. दुखत नाहीत, खुपत नाहीत. पण पातेलंभर दुधात विरजणाचा थेंब पडावा तसं त्या रक्ताला बिघडवतात, ते जागोजाग साकळायला लागतं. मग कुणाची पोटरी सुजते, कुणाला लकवा येतो, आणि गाठीचा पत्ता त्यानंतर काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी लागतो. हे वाचून कुणी घाबरून जाऊ नये. लकवा आलेल्या बहुतेकांना तो बीपी, साखर, तंबाखू नाहीतर हृदयाच्या दुखण्यामुळं येतो, गाठीमुळं क्वचित येतो. पण क्वचित येणारा पाहुणा कधीतरी आपल्याच दारात उभा असतो.

दिवस झाल्यावर मी भेटायला गेले, तर काकूंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "तुमी सांगितल्यापरमानं रोज चोळलं बाई. एक दिवस चुकू दिला न्हाई." मी चहा प्यायले आणि बाहेर आले. चोळल्यामुळंच गुठळी सुटली असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही, पण नाही असंही मला म्हणता येत नाही. काकूंना मी आजवर काही बोलले नाही. त्यांची नात दिवाळी अंक वाचून दाखवते असं ऐकते, म्हणून इथं लिहिते. काकू, तुमचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते माझं.

त्या आठवड्यात मी शिंप्याची टेप विकत घेऊन पिशवीत टाकली. तेव्हापासून प्रत्येक पेशंटच्या दोन्ही पोटऱ्या मोजून वहीत लिहायला लागले. बायका विचारायच्या, "बाई, पायाला बलाउज शिवता का काय?"

हेच विचारणारी एक कौसामावशी. राहणार तेर. नवरा, त्याला सगळे मामा म्हणायचे, शेळ्या राखायचा. मुलगा पुण्यात कंपनीत, आणि सून रेखा सासू-सासऱ्यांजवळ गावी. मावशीची जीभ मिरचीच्या ठेच्यासारखी. लकव्यानं डावा हात आणि डावा पाय नेला, जिभेच्या वाटेला तो गेला नाही.

वारं गेलं ते येळवशीच्या दिवशी. आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला आम्ही येळवस म्हणतो. त्या दिवशी सगळं गाव शेतात जाऊन जेवतं. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. पोटाला तड लागेपर्यंत न खाणारा माणूस त्या दिवशी संशयास्पद समजला जातो. मावशी शेतात आंबिलीचा गडू उचलायला वाकली आणि गडू हातातून सुटला. दवाखान्यात बीपी नाही, साखर नाही, हृदय ठीक, मावशीला साधी मिस्रीचीही सवय नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या देऊन आठ-दहा दिवसांनी घरी सोडलं, आणि आठवड्यातून तीनदा मी तेरच्या बसमध्ये बसायला लागले.

मावशीची एक लाडकी तक्रार होती. कुणीही भेटायला आलं की ती पदर नीट करून म्हणायची, "बगा की, काय झालंय माझं. सून खाऊ घालीना." रेखा चुलीपाशी बसून भाकरी थापत असायची, ती वर न बघता म्हणायची, "व्हय, आन् रातच्याला कुलूप लावते डब्याला." दोघींची ही जुनी जुगलबंदी. वीस वर्षं त्यांनी एकमेकींना असंच खेळवलं होतं, आणि मला त्यात रेखाचा हात जरा सरस वाटायचा.

अडचण अशी झाली की मावशी खरंच वाळत चालली. गालफडं बसली, गळ्याची हाडं वर आली. आणि गावाला थट्टा कळते, पण सोयीची असेल तेवढीच. पाणी भरायला गेलं की बायका रेखाकडं बघून गप्प व्हायला लागल्या. एक दिवस रेखा माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आली आणि थांबून म्हणाली, "बाई, म्या तीन टायमाला ताट वाढते. रिकामं ताट माघारी येतंय. मग जातंय कुठं ते आन्न?" तिचे डोळे भरले होते. मी तिची समजूत घातली, की लकव्यानंतर माणसं खंगतात. ते खरंही होतं. म्हणजे पुन्हा एकदा मी मनाशी सोयीचा हिशोब केला होता.

महिन्याभरानं मावशीच्या उजव्या हातातून भाकरीचा तुकडा गळून पडला आणि अर्धा दिवस ती बोबडी बोलत होती. आपोआप सुधारलं म्हणून घरच्यांनी कुणाला सांगितलं नाही, मला दोन दिवसांनी बोलता बोलता कळलं. उजवा हात म्हणजे चांगला हात. गोळ्या वेळेवर चालू असताना आता दुसऱ्या बाजूला दणका बसला होता. त्याच दिवशी टेप लावली तर उजवी पोटरी डावीपेक्षा दोन बोटं जास्त भरली. हात लावला तर गरम. मला तात्या आठवले.

"मावशी, हा पाय कुणी चोळला का?"

"अजून न्हाई. उद्या दगडू येनार हाय की. त्यो नेनार हाय मला माकनीला."

दगडूमामा हा मावशीचा धाकटा भाऊ. बहिणीला सून उपाशी ठेवते ही बातमी तेरणा नदीच्या कडेकडेनं त्याच्या गावी, माकणीपर्यंत पोचली होती. त्याच्या ओळखीत एक मालिशवाला होता, तो म्हणे लकव्याच्या माणसाला चाळीस दिवस ठेवून घ्यायचा आणि रोज सकाळ-संध्याकाळ अंग रगडून द्यायचा. खरोखरीचा चोळणारा कुणी असेल तर तो तिकडं होता, आणि मावशीचा तो पाय त्याच्या हातात जाणार होता. मी तिथूनच आमच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, पाय चोळू देऊ नका आणि उद्याच घेऊन या." फोन ठेवून मी तिघांना बजावलं. मामा "व्हय" म्हणाले. मामांचं बोलणं एवढंच असायचं.

दुसऱ्या दिवशी माझी तेरची पाळी नव्हती, तरी मी सकाळच्या बसनं गेले. दारात जीप उभी होती आणि ओट्यावर दगडूमामा. शेजारच्या घरी लग्न होतं म्हणून गल्लीत कासारीण आली होती, तिनं मावशीच्याच ओट्यावर बांगड्यांचा पसारा मांडला होता. सगळ्या बायका तिथंच. म्हणजे भांडणाला प्रेक्षक आयते जमलेले.

"माझ्या भैनीला ह्या घरात ठेवनार न्हाई," दगडूमामा रेखाकडं बोट करून म्हणाला. "वारं गेलं, हातरुनाला लागली, तवापासनं हिनं खायाला घातलं न्हाई. बगा की तिच्याकडं, सांगाडा राहिलाय!"

रेखा दाराला टेकून उभी होती. मी पायाच्या सुजेचं, गुठळीचं, दवाखान्याचं सांगायला लागले तर दगडूमामा म्हणाला, "बाई, तुमी चोळनाऱ्या. तुमाला वाटनारच, गिऱ्हाईक हातचं जाईल म्हनून." गल्लीतल्या दोघी-तिघी हसल्या. मला इतका राग आला होता की तिळाच्या तेलाची बाटली हातात असती तर फेकून मारली असती.

त्याला उत्तर द्यायचं सोडून मी मावशीचा उजवा हात धरून तिला उभं करायला लागले, दवाखान्यात न्यायचंच या हट्टानं. हात वर उचलला आणि तिच्या बांगड्या खळकन खाली घसरून कोपरापर्यंत गेल्या. कासारणीचं लक्ष तिकडं गेलं. तिनं हातातला बांगड्यांचा जोड खाली ठेवला.

"अगं माय," ती म्हणाली, "ह्या बी ढिल्ल्या झाल्या व्हय? पंचमीला तर सव्वादोनच्या घट बसवल्या व्हत्या म्या."

"मग?" दगडूमामा म्हणाला.

"मग काय? कौसाबाईचा हात अडीचचा. लगीन झाल्यापासनं अडीचचा, माझी सासू भरायची तवापासनं. पंचमीला अडीचच्या घालाय गेले तर गळून पडाय लागल्या. म्या म्हनलं बी, कौसाबाई, हात कामून उतरला? तर म्हनली, सून खाऊ घालीना."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरात वजनकाटा नव्हता, पण सगळ्या गावाच्या हातांची मापं कासारणीच्या डोक्यात होती. नागपंचमी म्हणजे श्रावण. वारं गेलं येळवशीला. त्यात चार-पाच महिन्यांचं अंतर. तेव्हा मावशी धडधाकट होती, रानात जात होती, स्वतःच्या हातानं वाढून घेत होती. म्हणजे लकव्यामुळं ती वाळली नव्हती. वाळायला आधी लागली आणि लकवा मागून आला.

"मावशी," मी खाली बसून विचारलं, "खरं सांगा. ताटातली भाकरी कुठं जाते?"

मावशीनं पदर नीट केला, पण सुनेचं नाव घेतलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. रेखा पुढं येऊन म्हणाली, "आत्या, सांगा की. माझी आन हाय."

तेव्हा ओट्याच्या टोकाला बसलेले मामा, म्हणजे मावशीचे मालक, बोलले. "शेळीला," ते म्हणाले.

सगळ्यांच्या माना खुंट्याला बांधलेल्या शेळीकडं वळल्या. मी एवढ्या वेळा त्या घरी गेले आणि तिच्याकडं कधी पाहिलं नव्हतं. काय तिची तुकतुकी होती! सासू वाळत होती आणि शेळी ढोलासारखी फुगत होती. रेखाच्या हातच्या तीन टायमाच्या भाकरी तिच्या अंगी लागल्या होत्या. मामांना ते दिसत होतं, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि विचारल्याशिवाय बोलायची त्यांना सवय नव्हती.

पुरुषांना बाहेर ठेवून आम्ही मावशीला आत नेलं. "दोन घास खाल्ले की गच्च हुतंय," ती हळूच म्हणाली. मी तिला आडवं केलं आणि ओचा सैल करा म्हटलं. नऊवारीचा ओचा म्हणजे पोटावर खोचलेला निऱ्यांचा केवढा गठ्ठा. इतके दिवस मी त्याच्यावरूनच कमरेचा पट्टा बांधून तिला चालवत होते. ओचा सोडला आणि बेंबीच्या खाली हात ठेवला, तर कच्च्या कवठासारखं टणक लागलं.

"हे कधीपासून?"

"दिवाळीच्या आदीपासनं असंल."

"आणि सांगितलं का नाही? दवाखान्यातसुद्धा?"

मावशीनं तोंड भिंतीकडं केलं. "ह्या वयात पोट दिसाय लागलं, बाई. नातवंडं लग्नाला आली. लोक काय म्हनतील? म्हातारीला दिवस गेले म्हनतील." मग म्हणाली, "सुनंचं नाव घेतलं की लोक फुडं काय इचारत न्हाईत."

रेखा हे ऐकत होती. मला वाटलं आता ही तोंडाला येईल ते बोलेल, आणि बोलली असती तर तो तिचा हक्क होता. तिनं सासूचा ओचा पुन्हा नीट खोचला, पदर सारखा केला आणि म्हणाली, "उटा आत्या. भांडन घरी आल्यावर करू."

जीप आलीच होती. ती माकणीऐवजी धाराशिवला गेली. दगडूमामा पुढं बसला होता आणि सगळ्या वाटेत मागं वळून बघायची त्याची छाती झाली नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण पुढचं काम माझं नव्हतं. पायाच्या सोनोग्राफीत शिरेतली गुठळी दिसली. सोलापूरला मेंदूचा एमआरआय झाला तर दोन्ही बाजूंना, वेगवेगळ्या जागी बारीक बारीक ठिपके. डॉक्टरांनी दगडूमामाला समजेल असं सांगितलं, "एका घराचा नळ बंद पडला तर नळ बघायचा. सगळ्या गल्लीचे नळ एकदम बंद पडले तर टाकी बघायची." टाकी कुठं बिघडली होती तेही सापडलं. अंडाशयावर मोठी गाठ होती, कॅन्सरची, पण अजून आपली जागा सोडून बाहेर गेलेली नव्हती. आधी रक्त पातळ करायची इंजेक्शनं, मग ऑपरेशन, मग केमोच्या फेऱ्या. ते चाळीस दिवस रगडणाऱ्याकडं गेले असते तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही. म्हणजे करते, पण लिहीत नाही.

रक्त पातळ करायचं इंजेक्शन घरी रोज पोटात द्यायचं होतं. ते रेखा शिकली. पहिल्या दिवशी तिनं सुई दोनदा मागं घेतली आणि मावशी ओरडत होती, "आता सूड घे, वीस वर्षांचा!" पंधरा दिवसांत रेखा इतकी सफाईनं द्यायला लागली की मावशीनं नवीन तक्रार काढली. येणाऱ्या-जाणाऱ्याला पोट दाखवून म्हणायची, "बगा की, सून रोज सुई टोचती." या वेळी मात्र गल्लीतलं कुणी रेखाकडं वाकडं बघितलं नाही. दगडूमामा माकणीहून मासे घेऊन यायचा आणि रेखाच्या समोर पिशवी ठेवून मान खाली घालून बसायचा. माफी मागायची त्याची तीच पद्धत, आणि रेखा ते मासे फार तिखट करून त्याला वाढायची.

पुढच्या पंचमीला मी मुद्दाम गेले. कासारीण आली होती. मावशीच्या डोक्यावर केस नुकतेच उगवत होते, लहान मुलासारखे मऊ. रिवाजाप्रमाणं घरातल्या मोठ्या बाईच्या हातात आधी बांगड्या भरतात. कासारणीनं मावशीचा हात धरला, तर मावशीनं तो मागं घेतला.

"आदी रेखाला भर."

"आत्या, असं कुठं असतंय का?"

"म्या सांगतेय न्हवं! आन् आज सगळ्या हाईत तर ऐका गं," मावशी गल्लीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाली. "सून खाऊ घालीना म्हनत व्हते, त्ये खोटं व्हतं. म्या भाकरी शेळीला घालत व्हते."

रेखानं हात पुढं केला, पण तिला समोरचं काही दिसत नव्हतं. डोळे पुसायला दुसरा हात रिकामा ठेवावा लागला. तिचं झाल्यावर मावशीनं आपला डावा हात पुढं केला. तोच, येळवशीला गेलेला. त्याची मूठ उघडायला मी कित्येक महिने घातले होते. बोटं एकेक करून सुटली आणि कासारणीनं बांगड्या चढवल्या. सव्वादोनच्या अडल्या, त्याहून एक माप मोठ्या, दोन-सहाच्या बसल्या. तेव्हा मात्र रडायची पाळी माझी होती, आणि सगळ्या गल्लीनं ते बघितलं.

त्याला आता तीन वर्षं होत आली. मावशी दर तीन महिन्यांनी तपासणीला जाते. डॉक्टर 'बरी झाली' असं म्हणत नाहीत, 'सध्या ठीक आहे' म्हणतात, आणि आम्ही सगळे त्या 'सध्या'वर जगतो. मी निवृत्त झाले तरी तेरची बस काही सुटली नाही. गेले की दारातून आत जायच्या आधी मी खुंट्याकडं बघते. शेळी हडकुळी दिसली की माझा जीव भांड्यात पडतो. मग आत जाऊन चहा मागते.

गेल्या महिन्यात गेले आणि दारातच थांबले. शेळी फुगली होती. चांगली टम्म, दोन्ही बाजूंनी. मी पिशवी तिथंच टाकली आणि आत शिरून रेखाला विचारलं, "मावशी जेवते ना? खरं सांग. कधीपासून असं?"

रेखा माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं बाहेर शेळीकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावून खाली बसली. ती हसतेय का रडतेय हे मला कळेना. आतून मावशी काठी टेकत आली, सगळा प्रकार तिच्या ध्यानात आला, आणि ठेच्यासारखी जीभ पुन्हा सुरू झाली.

"गाभन हाय ती, बाई! तुमाला शेळी तपासता येईना, आन् तीस वर्षं मानसं तपासत फिरला व्हय?"

मी बसून घेतलं. रेखानं पाणी आणून दिलं. मावशी माझ्यासमोर बसून अर्धी भाकरी आणि वांग्याची भाजी खाऊन दाखवत होती, प्रत्येक घासाला माझ्याकडं बघून, मुद्दाम सावकाश. तरी निघताना मी तिचा हात धरून वर उचललाच आणि बांगड्या कोपराकडं ढकलून पाहिल्या. त्या मनगटापाशीच अडल्या.